सर्व्हेचे चव्वेचाळीस फॉर्म घरी बसून भरले, अशा रिपोर्टवर मी सही करू का?

पळसफूल (घाटंजी)

नमस्कार सगळ्यांना. मी एमए अर्थशास्त्र शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये. आमचा पाच जणांचा ग्रुप, रिसर्च प्रोजेक्टचा विषय आहे कापूस उत्पादक शेतकऱ्यांची कर्जाची साधनं. विषय मीच सुचवला होता कारण लहानपणापासून घरात हेच पाहत आली. एकूण साठ फॉर्म भरायचे होते, प्रत्येकाच्या वाट्याला बारा.

माझे बारा मी दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसात भरले. दिवसा घरी कोणीच सापडत नाही, संध्याकाळी लोक वावरातून आले, हातपाय धुतले की मग जायचं. आमच्यातल्या एका पोरानं चार भरले. बाकीचे चव्वेचाळीस मागच्या आठवड्यात एका मित्राच्या खोलीवर बसून एका रात्रीत भरले गेले, मोबाईलवर मतदार यादी उघडली, नाव आणि वय त्यातून घेतलं आणि जमीन, उत्पन्न, कर्ज हे मनानं टाकलं. मला तर एक्सेल शीट आली तेव्हा समजलं.

शीट उघडली आणि सगळ्यात पहिले नजर गेली ती सावकाराच्या कॉलमवर. सावकाराचं कर्ज आहे का, यापुढे जवळपास सगळीकडे 'नाही'. विचारलं तर म्हणे 'हो' लिहिलं की पुढचे पाच प्रश्न भरावे लागतात, किती घेतलं, व्याज किती, तारण काय, फेडलं का, नाही तर काहून नाही. 'नाही' लिहिलं की सरळ पुढच्या पानावर. म्हणजे रात्री झोप येत होती म्हणून आमच्या तालुक्यातली सावकारी संपली. आता निष्कर्षात असंच लिहून राहिले की या भागातला शेतकरी बँकेकडे वळला असून खाजगी सावकारीचं प्रमाण नगण्य आहे.

आणि मी ज्या घरी गेली तिथं काय ऐकलं ते सांगते. एका घरी काकू चुलीपुढे भाकरी टाकत बोलत होत्या, आधी म्हणाल्या कर्ज फक्त सोसायटीचं. फॉर्म संपला, मी पेन बंद केलं, तेव्हा हळूच म्हणे बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर आहे, कापूस त्यालाच द्यायचा असं ठरलं आहे, आणि पोरीच्या लग्नाचे पैसे गावातल्याच एकाकडून पाच रुपये शेकड्यानं काढले, महिन्याचे. मग म्हणाल्या हे लिहू नको बाई, त्याच्या कानावर गेलं तर पुढच्या पेरणीले कोण देईन. मी नाव न लिहिता आकडा तेवढा लिहिला, त्यांना विचारूनच. माझ्या बहुतेक घरांत अशाच गोष्टी निघाल्या.

गाईड सरांना आडून आडून विचारलं तर म्हणे सगळ्या ग्रुपचं असंच असते, बाइंडिंग करून आणा, व्हायवा घेऊन टाकू. ग्रुपमधले म्हणतात तुझे बारा खरे आहेत न, मग तुला कायचा त्रास. पण रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की सदर माहिती आम्ही स्वतः प्रत्यक्ष भेटी देऊन संकलित केली, खाली पाच सह्या. जमा करायला दोन आठवडे राहिले. तक्रार केली तर सगळेच अडकतील, त्यात एक मैत्रीण अशी आहे की जी सुट्टीच्या दिवशी रोजानं वेचायला जाते, तिला गावोगाव फिरणं जमलंच नसतं. सही नाही केली तर माझं वर्ष जाते. काय करावं, कोणी अशातून गेलं असेल तर सांगा.

---

बंडूभाऊ (दारव्हा)

ताई राग मानू नको, पण सरळ सांगतो, सही कर आणि मोकळी हो. कारण ऐक. आपल्याकडच्या कॉलेजला पोरं शिकतात कशी हे बाहेरच्याला माहीत नाही. सकाळी एसटीनं यायचं, दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचं, घरी गेलं की ढोरं आहेत, वावर आहे. त्यात प्रोजेक्ट द्यायचा नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा अख्खं गाव पऱ्हाटीत असते. कोण बसून तुमच्या चार पानी फॉर्मला उत्तरं देते? आणि पेट्रोल कोण देते? शहरातल्या पोरांना घरी कार आहे, इंटरनेट आहे, त्यांचेही फॉर्म घरीच भरल्या जातात पण तिथं कोणी विचारत नाही.

तुझ्या चार मित्रांनी पेपर फोडला नाही, कोणाचा हक्क मारला नाही. तो रिपोर्ट कपाटात जाईन आणि तिथंच राहीन, कोणी उघडून पाहणार नाही. पाच जणांचं वर्ष, स्कॉलरशिप, घरच्यांच्या आशा एका बाजूला आणि न वाचला जाणारा कागद एका बाजूला. मी तरी माणसाच्या बाजूनं उभा राहीन.

---

कास्तकार_राळेगाव

मी कास्तकार आहो, लिहिण्याची सवय कमी हाय, भाच्यानं हा धागा दाखवला म्हून लिवतो, समजून घ्या.

बंडूभाऊ तुम्ही म्हणता कोणाचा हक्क मारला नाही. मी सांगतो कोणाचा मारला. आमच्या नावानं कोणीतरी घरी बसून लिवते हे आम्हाले नवीन नाही. गारपीट झाली, पंचनामा करणारा चौकातच बसला, ज्याच्या वावरात गेला नाही त्याचं नुकसान लिवलं नाही. पैसेवारी काढतात, म्हंजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशाच्या खाली आली तर दुष्काळाच्या सवलती, वर गेली तर काहीच नाही. मंग पन्नासच्या वर कशी आली ते इचारायले कोठं जाव? कागद पक्का असते, त्याच्यावर सही असते, आणि आमी उभे राहून सांगतो की साहेब बोंडं सडली, तर म्हणते रेकॉर्डले तसं नाही.

कर्जमाफीचंही तसंच झालं. सतरा साली झाली, एकोणीस साली झाली, दोन्ही टाइमले बँकेचं आणि सोसायटीचं कर्ज पायलं. ज्यानं हातउसने घेतले, दिढीनं म्हंजे शंभराचे दीडशे द्याच्या बोलीवर घेतले, तो तसाच रायला. काहून? त्याचं कर्ज कागदावर नाही. आता एमएची पोरं, शिकेल-सवरेल, आमच्यातलेच पोट्टे, ते जर लिवून देत असन की सावकारी उरली नाही, तर मंग दुसऱ्याले काय बोल लावाव.

पोरी, तुले त्या बाईनं चुलीजवळ जे सांगितलं ते तिनं पटवाऱ्याले नसतं सांगितलं, बँकेच्या माणसाले तर नाहीच नाही. तू पोरगी म्हून, आपल्यातली म्हून सांगितलं. त्या खऱ्याच्या बाजूले चव्वेचाळीस खोटे ठेवून त्याचे साठातले बारा करू नको एवढंच म्हणणं हाय. वर्ष गेलं नाही पायजे हे बी खरं हाय, त्याचा रस्ता शिकलेले लोक सांगतीन.

---

अर्थशास्त्र_पुसद

मी एका ग्रामीण कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो, विषय हाच. त्यामुळे दोन्ही बाजूनं बोलू शकतो.

आधी गाईडबद्दल, कारण त्यांना दोष देणं सोपं आहे. माझ्यासारख्याला तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने रखडतात. एकाकडे इतके प्रोजेक्ट असतात की प्रत्येक ग्रुपसोबत एकदा नीट बसायचं म्हटलं तरी शक्य होत नाही, आणि फिल्डवर सोबत जायला ना वेळ ना प्रवासभत्ता. त्यात तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात, नाव आणि रोल नंबर बदलून. मी एकदा असा प्रोजेक्ट तपासला की मुखपृष्ठावर आपल्याकडचं गाव होतं आणि आत तिसऱ्या प्रकरणात कृष्णाकाठचा ऊस उत्पादक शेतकरी तसाच बसलेला. मुलानं स्वतः एकदाही वाचला नव्हता. आता तेच काम चॅटजीपीटी करून देते, भाषा चांगली येते, संदर्भसूची पण येते, आणि त्यातली अर्धी पुस्तकं अस्तित्वातच नसतात. हे सगळं खरं आहे, तरी 'सगळ्यांचं असंच असते' हे गाईडनं म्हणायला नको होतं. पळसफूल आडून विचारत होती म्हणजे मदत मागत होती, ते ओळखायला पाहिजे होतं.

आता बंडूभाऊ, रिपोर्ट कोणी उघडत नाही म्हणता, पण खोटे फॉर्म ओळखायला उघडावा लागतच नाही, वरूनच दिसतात. खऱ्या माणसाला वय विचारा, तो पंचेचाळीस, पन्नास, साठ असं सांगतो. आपल्या जनगणनेतसुद्धा शून्य आणि पाचवर संपणारी वयं प्रमाणाबाहेर जास्त येतात, ते मोजायला व्हिपल निर्देशांक नावाचं माप आहे. या पोरांनी वय मतदार यादीतून घेतलं म्हणून तिथं सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणचाळीस असे नेमके आकडे आले असतील, आणि कर्जाचे आकडे मात्र सगळे पन्नास हजार, एक लाख. खऱ्या फॉर्मवर खाडाखोड असते. जमीन पाच एकर लिहिलेली असते आणि समासात बारीक अक्षरात 'दोन एकर भावाच्या नावावर, तीन ठेक्यानं' असं असते. एखादा प्रश्न कोरा असतो कारण म्हातारा चिडून उठून गेला. पेनाची शाई मधेच बदलते. घरी भरलेल्या फॉर्मवर एकच शाई, एकच वळण आणि एकही जागा कोरी नाही. बाहेरचा परीक्षक जरा जाणता निघाला आणि त्यानं 'या बाभूळगावच्या शेतकऱ्याकडे कोण गेलं होतं, त्याचं घर कोठं आहे' एवढं विचारलं तर ग्रुप तिथंच संपतो. आणि खाली पाच सह्या आहेत, तिची पण.

पळसफूल, माझं मत असं की आज तक्रार करू नको आणि सही पण करू नको. मधला रस्ता आहे आणि तो नियमात बसतो. साठचा आकडा देवानं दिलेला नाही. सोळा फॉर्म खरे आहेत. दोन आठवड्यात उरलेल्यांनी प्रत्येकी पाच-सहा जरी केले तरी तीस-पस्तीस होतात. मग रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहायचं की नमुना साठ ठरवला होता, वेचणीच्या हंगामामुळे इतकाच झाला, निष्कर्ष मर्यादित आहेत. अभ्यासाच्या मर्यादा नावाचं प्रकरण त्यासाठीच असते, पोरं त्यात 'वेळेचा अभाव' लिहून सोडून देतात. तीस खऱ्या फॉर्मचा रिपोर्ट मी साठ खोट्यांच्या वर ठेवतो, आणि कोणताही प्रामाणिक परीक्षक तेच करीन.

फॉर्म कोठं भरायचे हे पण सांगतो. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यावर जा, किंवा बाजार समितीत. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गाड्यांची लाइन लागते, कापसाचा ओलावा मोजतात, बारा टक्क्यांच्या वर निघाला की घेत नाहीत, माणूस तिथं तासन्‌तास नंबरची वाट पाहत गाडीखाली सावलीत बसलेला असतो. त्याला बोलायला वेळही असतो आणि बोलायची इच्छाही असते. एका दिवसात दहा फॉर्म सहज होतात. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. सीसीआयवर जो येतो तो सातबारावर कापसाची नोंद असलेला, थांबायची ताकद असलेला शेतकरी असतो. ज्याला लगेच पैसे पाहिजे, ज्याचा कापूस उधारीत आधीच बांधला गेला, तो गावातच व्यापाऱ्याला खेडा खरेदीत विकतो, केंद्रावर येतच नाही. तुमचा विषय कर्ज आहे म्हणजे नेमका तोच माणूस सुटेल. म्हणून अर्धे केंद्रावर आणि अर्धे आठवडी बाजाराच्या दिवशी गावातून आलेल्यांचे करा, आणि कोणता फॉर्म कोठं भरला ते लिहा.

सावकाराचा प्रश्न सुद्धा बदला. 'सावकाराचं कर्ज आहे का' असं विचारलं की सगळे नाहीच म्हणतात. या वर्षी पेरणीले पैसे कोठून आणले, खत-बियाणं रोख की उधारीत, घरातलं मोठं दुखणं किंवा लग्न झालं तेव्हा कसं भागवलं, असं विचारा. आणि घरच्या बाईला वेगळं विचारा, दोघांची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत, आणि सोनं कोठं गहाण आहे हे तिलाच माहीत असते.

---

वैनगंगा_काठ (नागपूरला पीएचडी करते, मूळ आरमोरी)

सरांनी रस्ता सांगितलाच, मी नियमाचं थोडं सांगते कारण ग्रुपमध्ये कोणीतरी नक्की म्हणेल की कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पास झालं म्हणजे झालं.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सगळे विद्यार्थी या टक्केवारीला घाबरतात आणि शब्द इकडचे तिकडे करत बसतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे नियम प्रबंध, शोधनिबंध वगैरेसाठी आहेत, असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका त्यात स्पष्टपणे वगळल्या आहेत. दुसरं, सॉफ्टवेअर दुसरीकडून उचललेला मजकूर पकडते. मनानं बनवलेला आकडा कुठूनच उचललेला नसतो, त्यामुळे तो शंभर टक्के 'ओरिजिनल' दिसतो. आपल्याकडचा १९८२ चा परीक्षा गैरप्रकाराचा कायदा आहे तो पण पेपरफुटी, कॉपी, परीक्षा केंद्रावरचे प्रकार यांच्यासाठी आठवला जातो, खोट्या फॉर्मसाठी कोणी काढत नाही. म्हणजे असा रिपोर्ट कोणत्याच जाळीत अडकत नाही, आणि याच कारणानं तो जास्त धोक्याचा आहे असं मला वाटते, कारण चोरलेला मजकूर निदान कोणाचा तरी खरा असू शकतो.

एक उदाहरण देते. नेदरलँड्समध्ये टिलबर्ग विद्यापीठात डिडरिक स्टॅपेल नावाचा सामाजिक मानसशास्त्राचा मोठा प्राध्यापक होता. शाळांमध्ये जाऊन प्रश्नावल्या भरून घेतल्या असं सांगायचा आणि आकडे घरी बसून बनवायचा. त्याच्या हाताखालच्या पीएचडीच्या मुलांना तो हाच बनावट डेटा द्यायचा, त्यांना वाटायचं सर स्वतः फिरून आले. २०११ मध्ये त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी धीर करून विभागप्रमुखाला सांगितलं, तेव्हा बाहेर आलं. पन्नासच्या वर शोधनिबंध मागे घ्यावे लागले, त्याची नोकरी गेली, पदवी त्यानं परत केली. पण मला सगळ्यात वाईट वाटते ते त्या विद्यार्थ्यांचं, ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि ज्यांच्या प्रबंधात तो डेटा होता.

आणि बंडूभाऊ, कागद कपाटात जातो म्हणता, सगळे कागद जात नाहीत हो. राज्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर हायकोर्टाच्या आदेशावरून २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं अहवाल दिला. २००६ च्या सुरुवातीला मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अभ्यास सरकारकडे गेला. त्यात ज्या घरी आत्महत्या झाली तिथंही गेले आणि ज्या घरी नाही झाली तिथंही गेले, दोघांची तुलना केली, तेव्हा कर्जाच्या बोज्यातला फरक नीट दिसला. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, यवतमाळ त्यात आहे. त्या घरांत जाऊन, दुखवट्यातल्या माणसांसमोर बसून कोणीतरी प्रश्न विचारले होते, बहुतेक तुमच्याआमच्याच वयाच्या पोरापोरींनी. त्यांनी जर 'नाही' लिहिलं की पान लवकर उलटते असा विचार केला असता तर आज आपण कशाच्या जोरावर बोललो असतो?

तक्रारीचं म्हणशील तर माझंही मत सरांसारखंच, आधी ग्रुपला संधी दे. पण ती संधी तोंडी देऊ नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर साध्या शब्दात लिहून ठेव की हे चव्वेचाळीस फॉर्म प्रत्यक्ष भरलेले नाहीत, मी यावर सही करणार नाही, चला मिळून नवीन भरू. उद्या काही झालं तर तू काय म्हणाली होतीस ते नोंदीत राहीन.

---

बंडूभाऊ (दारव्हा)

काकांचं वाचलं. पैसेवारीची गोष्ट आमच्याकडेही तशीच आहे, माझ्या वडिलांनी त्याच्यासाठी तहसीलच्या किती चकरा मारल्या. मी जे लिहिलं ते पोरांच्या बाजूनं लिहिलं होतं आणि अजूनही म्हणतो की हंगामात प्रोजेक्ट देणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे, हा सर्व्हे उन्हाळ्यात ठेवला असता तर निम्मी पोरं खरंच फिरली असती. पण सावकार नाही असं लिहिणं मला पण पटत नाही. ताई, दारव्ह्याच्या बाजूनं फॉर्म भरायचे असतील तर सांग, माझी गाडी आहे, रविवारी मोकळा असतो, चार-पाच गावं करून देतो. पैसे नको.

---

पळसफूल (घाटंजी)

सगळ्यांचे मनापासून आभार, खास करून काकांचे. तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं.

ताईनं सांगितलं तसं ग्रुपवर लिहिलं. पहिले दोन दिवस कोणी बोललंच नाही, एक जण ग्रुप सोडून गेला. मग जी मैत्रीण वेचायला जाते तिचा फोन आला, म्हणे माझ्यासोबत रोजानं येणाऱ्या बायांचे फॉर्म भरले तर चालतील का, त्यातल्या कितीतरी घरी स्वतःचं दोन-तीन एकर आहे, कापूसच आहे. मला तर हे सुचलंच नव्हतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत धुऱ्यावर बसून तिनं सात फॉर्म भरले, आणि सरांनी सांगितला तसा प्रश्न बदलून विचारला, तर त्या बायांनी कर्जाचं इतकं सांगितलं की फॉर्मवर जागा पुरली नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणलं. दोघींच्या मंगळसूत्राचे मणी गहाण आहेत आणि ते घरच्या माणसाला माहीत नाही. बचत गटाचं कर्ज फेडायला दुसऱ्या फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलेल्या पण निघाल्या, हा तर आमच्या फॉर्ममध्ये प्रकारच नव्हता.

ज्यानं आधी चार भरले होते तो जिनिंगवर गेला, तिथं त्याचे आणखी नऊ झाले. म्हणजे आतापर्यंत बत्तीस खरे आहेत. बंडूभाऊ, रविवारी नक्की या, तुमच्याकडचे झाले तर चाळीसपर्यंत जाऊ. ते चव्वेचाळीस आम्ही शीटमधून काढले. एक जण अजून तयार नाही, म्हणतो माझं नाव त्याच्यावर राहू द्या बाकी तुम्ही पाहा, त्याचं काय करायचं ते ठरलं नाही. गाईड सरांकडे तिघं मिळून गेलो, नमुना कमी केल्याचं सांगितलं, त्यांनी थोडं ऐकून घेतलं आणि कारण लिहून आणा म्हणाले. रागावले नाहीत.

सर, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, कायद्यानं सावकाराचं व्याज किती चालते, तुलना करायला टेबल बनवते. दुसरं, भरलेले फॉर्म रिपोर्टच्या मागे जोडायचे का? आधीच्या बॅचनं जोडले होते.

---

अर्थशास्त्र_पुसद

छान केलं तुम्ही, धुऱ्यावर फॉर्म भरायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या मैत्रिणीचं ते काम रिपोर्टमध्ये तिच्या नावानं वेगळं लिहा, कोणी कोठं किती फॉर्म भरले याचं छोटं टेबलच टाका. जो तयार नाही त्याच्या नावापुढे शून्य येईल, तुम्हाला वेगळी तक्रार करावी लागणार नाही.

व्याजाचं, २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारण घेऊन दिलं तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. तुमच्या काकूचं पाच रुपये शेकडा महिना म्हणजे वर्षाचे ६० टक्के झाले, तेही चक्रवाढ न धरता. दिढीचं वेगळं काढा, कारण तिथं पेरणीपासून कापूस घरात येईपर्यंत सहा-सात महिन्यांत शंभराचे दीडशे होतात, वर्षाच्या हिशोबानं ते याच्याही वर जाते. आणि लिहिताना परवानाधारक आणि बिनपरवाना हे दोन रकाने ठेवा, २०१५ मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातलं परवानाधारक सावकारांचं कर्ज माफ केलं होतं, बिनपरवान्याचा त्यात हिशोबच नव्हता, तुमच्या रिपोर्टमध्ये तो फरक दिसला पाहिजे. फायनान्स कंपनीचं पण वेगळं घ्या, ते सावकारीत मोडत नाही.

भरलेले फॉर्म अजिबात जोडू नका. परिशिष्टात एक कोरा फॉर्म लावा, बस. नाव, गाव, मोबाईल असलेलं पान फाडून वेगळं ठेवा आणि शीटमध्ये फक्त नंबर द्या, शे-१, शे-२ असे. गावाच्या नावाऐवजी पण गाव अ, गाव ब लिहा, लहान गावात जमीन आणि घरातली माणसं सांगितली तरी ओळख पटते. ज्या बायांनी मंगळसूत्राचं सांगितलं त्यांचे फॉर्म व्हायवापर्यंत तुमच्याच घरी राहू द्या, कॉलेजच्या कपाटात नको.